वाचकांचे प्रश्न : नवजात बाळाच्या रक्तात जंतू शिरतात तेव्हा

पहिल्या 28 दिवसांतल्या बाळाला होणाऱ्या गंभीर जंतुसंसर्गाबद्दल, म्हणजे डॉक्टर ज्याला 'निओनेटल सेप्सिस' म्हणतात त्याबद्दल, या खेपेला बरीच पत्रं आली. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत. इथलं सगळं बोलणं जिवाणूंपुरतं आहे. विषाणूंचं गणित वेगळं असतं.

प्रश्न : 'नवजात बाळाची प्रतिकारशक्ती कमजोर असते' असं जिथे तिथे वाचायला मिळतं. पूर्ण दिवसांचं, तीन किलोचं, खणखणीत रडणारं बाळही कमजोरच का?

'कमजोर' हा शब्द आम्हाला पटत नाही. त्यातून दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते.

पहिली गोष्ट स्वभावाची. पोटात असताना बाळाच्या रक्तात आईच्या काही पेशी येत-जात असतात. त्यांच्याशी भांडण उकरून काढलं तर गर्भच धोक्यात येईल. म्हणून तिथला सगळा कारभार सबुरीचा असतो. बाकीच्या पेशींना आवर घालणाऱ्या 'टी-रेग' पेशी गर्भात भरपूर असतात. जन्मानंतर काही तासांतच त्वचेवर आणि आतड्यात जंतूंची वस्ती सुरू होते. त्यातले बहुतेक जंतू आयुष्यभराचे सोबती होणार असतात. प्रत्येकाला पाहून शरीर पेटून उठलं तर जंतूंआधी बाळाचीच आतडी आणि फुप्फुसं होरपळतील. म्हणून लगाम जन्मानंतरही काही काळ आवळलेला राहतो. नवजात बाळाच्या रक्तात अ‍ॅडेनोसिन जास्त असतं. त्याच्या प्रभावाखाली मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी 'टीएनएफ' हा भडका उडवणारा पदार्थ हात राखून सोडतात. पेशींमध्ये निरोप पोचवणारं आयएल-6 आणि भडका शमवणारं आयएल-10 मात्र सढळ हाताने सोडतात.

याचा अर्थ बाळ स्वस्थ पडून राहतं असा नाही. एडिंबरा विद्यापीठातल्या संशोधकांनी 2014 मध्ये जंतुसंसर्ग झालेल्या आणि न झालेल्या नवजात बाळांच्या रक्तातली जनुकं ताडून पाहिली. संसर्ग झालेल्या बाळांमध्ये 52 जनुकांचा एक ठळक ठसा उमटलेला दिसला. त्यात तीन हालचाली एकाच वेळी चालू होत्या : जन्मजात संरक्षणाची बाजू जोरात, साखर आणि चरबी वापरण्याची पद्धत बदललेली, आणि विशिष्ट जंतू ओळखून लढणाऱ्या टी पेशींची बाजू दबलेली. प्रतिसाद आहे, जोरकसही आहे. त्याचा घाट मोठ्या माणसापेक्षा निराळा आहे, इतकंच.

दुसरी गोष्ट साठ्याची, आणि जीव जातो तो इथे. जंतू गिळणाऱ्या न्यूट्रोफिल पेशींचा अस्थिमज्जेतला राखीव साठा बाळात फार लहान असतो. जंतूंच्या आवरणाला भोक पाडणारी 'कॉम्प्लिमेंट' प्रथिनं मोठ्यांच्या साधारण निम्मी असतात, आणि शेवटचं भोक पाडणारं सी-9 त्याहून बरंच कमी. यकृतातली साखरही थोडीच. दुकान मांडलेलं आहे, पण मागे गोदाम नाही. पहिल्या काही तासांचा माल संपला की नवा यायला वेळ लागतो, आणि काही जंतू वीस-तीस मिनिटांत दुप्पट होतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळात या सगळ्याच गोष्टी आणखी तोकड्या.

प्रश्न : आईची प्रतिपिंडे बाळाला मिळतात म्हणतात. मग पहिल्याच दिवशी रक्तात जंतू कसे वाढतात?

वार ओलांडून येतात ती फक्त आयजीजी या प्रकारची प्रतिपिंडे. वारेतलं एक खास प्रथिन त्यांना पकडून पलीकडे पोचवतं. ही वाहतूक सातव्या महिन्यानंतर वेग घेते आणि शेवटच्या चार आठवड्यांत सर्वात जास्त असते. म्हणून 40 आठवड्यांच्या बाळाच्या रक्तात आयजीजी आईइतकं किंवा काकणभर जास्तच सापडतं. 30 आठवड्यांच्या बाळाकडे आईच्या निम्म्याच्या आसपास. कमी दिवसांचं बाळ नुसतं लहान नसतं, त्याची शिदोरीही अर्धी बांधलेली असते.

पूर्ण शिदोरीतही तीन भोकं राहतात. आईला ज्या जंतूची ओळख नाही त्याची प्रतिपिंडे तिच्याकडेच नसतात, मग बाळाला कुठून येणार? ग्रुप बी स्ट्रेप्टोकॉकसच्या बाबतीत नेमकं हेच होतं : जंतू आईच्या जननमार्गात निरुपद्रवी वस्ती करून असतो, पण त्या विशिष्ट प्रकाराविरुद्धचं आयजीजी तिच्या रक्तात पुरेसं नसतं. दुसरं, आयजीएम या प्रकारचं प्रतिपिंड वार ओलांडतच नाही, आणि ई. कोलाय व त्याच्या भाऊबंदांना पकडण्यात आयजीएम सर्वात तरबेज. तिसरं, प्रतिपिंड जंतूवर फक्त खूण करतं. मारण्याचं काम कॉम्प्लिमेंट आणि न्यूट्रोफिलचं, आणि तेच मुळात तुटपुंजे.

पहिल्या 72 तासांतला संसर्ग बहुतेक वेळा आईच्या जननमार्गातून येतो. पाणमोट फुटून 18 तासांहून जास्त झाले, किंवा बाळंतपणात आईला 38 अंश सेल्सिअस वा त्याहून जास्त ताप आला, तर धोका वाढतो. आईकडे ग्रुप बी स्ट्रेप्टोकॉकस आहे हे आधी माहीत असेल तर कळा सुरू झाल्यावर तिला शिरेतून पेनिसिलिन देतात. ते औषध बाळ बाहेर येण्याच्या किमान चार तास आधी गेलेलं असावं. त्यानंतरचे संसर्ग प्रामुख्याने हात, नळ्या आणि त्वचा यांतून येतात : स्टॅफिलोकॉकस, क्लेबसिएला वगैरे.

प्रश्न : आमच्या नऊ दिवसांच्या बाळाला ताप अजिबात नव्हता, उलट अंग गार होतं. तरी डॉक्टरांनी ताबडतोब दाखल करून घेतलं. ताप नसताना गंभीर संसर्ग असू शकतो?

असू शकतो, आणि गार पडलेलं बाळ पाहून आम्हाला तापलेल्या बाळाइतकीच धास्ती वाटते. ताप चढवायला इंधन लागतं. नवजात बाळ कुडकुडून ऊब निर्माण करू शकत नाही. मानेभोवती, खांद्यांच्या मध्ये साठवलेली तपकिरी चरबी जाळून ते स्वतःला गरम ठेवतं, आणि ती जाळायला प्राणवायू आणि साखर दोन्ही लागतात. संसर्गात रक्ताभिसरण ढेपाळलं की ही शेगडी विझते. त्यात भडका कमी उडवण्याचा बाळाचा स्वभाव आडवा येतो. मोठ्या माणसाला थंडी वाजून 103 फॅरनहाइट ताप भरेल, तिथे बाळ नुसतं 'आज जरा जास्तच झोपतंय' एवढंच दाखवतं.

जागतिक आरोग्य संघटनेने दोन महिन्यांखालच्या बाळासाठी धोक्याची जी लक्षणं ठरवली आहेत ती अशी : दूध ओढणं बंद किंवा एकदम कमी, झटके, मिनिटाला 60 किंवा जास्त श्वास, श्वास घेताना छातीचा खालचा भाग ठळकपणे आत ओढला जाणं, बगलेत 38 अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप, 35.5 च्या खाली तापमान. हलवलं-डिवचलं तरच हालचाल, किंवा हालचालच नाही. यातलं एक जरी असलं तरी त्याच वेळी रुग्णालय गाठायचं. सकाळपर्यंत थांबायचं नाही.

श्वास मोजण्यात हमखास चूक होते. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणू नका. नवजात बाळ निरोगी असतानाही पाच-दहा सेकंद थांबून मग भराभर श्वास घेतं, त्यामुळे तुकड्यात मोजलेला आकडा फसवा निघतो. बाळ शांत असताना, रडून किंवा पिऊन झाल्यावर लगेच नव्हे, कपडा वर करून पोटाची वरखाली पूर्ण 60 सेकंद मोजा. साठ किंवा जास्त आले तर लगेच पुन्हा एकदा मोजा. दोन्ही वेळा साठ भरले तरच तो वेगवान श्वास. वीस सेकंदांहून लांब विराम मात्र कधीच साधा नसतो.

तापमानासाठी डिजिटल थर्मामीटरचं टोक बगलेच्या खोलगट भागात ठेवून हात अंगाशी धरा, बीप वाजेपर्यंत. 36.5 ते 37.5 ठीक. 37.8 आलं आणि बाळ चार दुपट्यांत गुंडाळलेलं असेल तर एक-दोन थर काढून अर्ध्या तासाने पुन्हा बघा. 38 आलं तर ही वाट बघायची नाही. घरी पॅरासिटामॉल देऊन ताप उतरवू नका, डॉक्टरांपुढची एक मोठी खूण तुम्ही पुसून टाकता.

आणखी एक गोष्ट दोन सेकंदांत कळते. आधी तळपाय, मग पोट हाताने बघा. पाय गार आणि पोट गरम, तर बाळाला थंडी लागतेय, ऊब द्या. दोन्ही गार, तर मामला पुढे गेलाय. परिचारिका छातीच्या मधल्या हाडावर बोटाने पाच सेकंद दाबून सोडतात. पांढरा पडलेला ठिपका परत गुलाबी व्हायला तीन सेकंदांहून जास्त लागले तर रक्त त्वचेपर्यंत नीट पोचत नाही.

जाताना बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घ्या. गिळत असेल तर पाजा. गिळत नसेल तर चमच्याने तोंडात दूध ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं.

प्रश्न (नर्सिंगच्या विद्यार्थिनीकडून) : वॉर्डात एका बाळाच्या पांढऱ्या पेशी 26,000 होत्या आणि दुसऱ्याच्या 3,800. सरांना काळजी दुसऱ्याची जास्त होती. संसर्गात पेशी वाढतात ना?

मोठ्यांत वाढतात. नवजात बाळाच्या पांढऱ्या पेशी पहिल्या दिवशी काहीही संसर्ग नसताना 30,000 पर्यंत जातात. जन्माचा ताण हेच त्याला कारण पुरतं. म्हणून 26,000 हा आकडा एकट्याने काहीच सांगत नाही. शिवाय यंत्र जुनं असेल तर ते केंद्रक असलेल्या कोवळ्या लाल पेशीही पांढऱ्या म्हणून मोजतं. सूक्ष्मदर्शकाखालच्या काचेवर शंभर पांढऱ्या पेशींमागे अशा 30 लाल पेशी दिसल्या तर खरा आकडा 26,000 × 100 ÷ 130, म्हणजे 20,000.

3,800 म्हणजे गोदाम रिकामं झालं. न्यूट्रोफिल ऊतींकडे गेले, काही केशवाहिन्यांत अडकले, आणि मज्जेतून भरती होईना. अशा वेळी मज्जा अर्धकच्चे न्यूट्रोफिल, म्हणजे 'बँड' पेशी, बाहेर ढकलते. त्यामुळे एकूण आकड्याइतकंच कच्च्याचं एकूणाशी प्रमाण महत्त्वाचं. समजा 3,800 पैकी पक्के न्यूट्रोफिल 24 टक्के आणि बँड 12 टक्के आहेत. एकूण न्यूट्रोफिल 36 टक्के, म्हणजे 1,368. कच्च्यांचं प्रमाण 12 ÷ 36 = 0.33. हे 0.2 च्या वर गेलं की संशय घ्यायचा. मात्र उलट चूकही करू नका : 0.2 ओलांडलेली कित्येक बाळं निरोगी निघतात. प्रमाण कमी आलं तर दिलासा मोठा, जास्त आलं तर पुरावा छोटा.

दोन फसव्या जागा लक्षात ठेव. गरोदरपणात आईचा रक्तदाब वाढलेला असेल तर संसर्गाशिवायही बाळाचे न्यूट्रोफिल उतरतात. आणि जन्मल्या जन्मल्या घेतलेल्या नमुन्यातून फारसं हाती लागत नाही, सहा ते बारा तासांनंतरचा नमुना जास्त बोलका असतो. टाच टोचून घेतलेल्या रक्तात आकडा शिरेतल्यापेक्षा चढा येतो, म्हणून आज टाच आणि उद्या शीर अशी तुलना करू नये.

प्रश्न : बाळाचा पहिला सीआरपी नॉर्मल आला, तरी अँटिबायोटिक सुरू केलं आणि दोन दिवसांनी बंदही केलं. हा गोंधळ कशाला?

गोंधळ नाही, हेच शहाणपणाचं आहे. सीआरपी हे संसर्गात रक्तात वाढणारं एक प्रथिन. साखळी बघा : मोनोसाइटला जंतूची चाहूल लागते, ते आयएल-6 सोडतं, ते यकृतापर्यंत पोचतं, मग यकृत सीआरपी बनवतं. हा आकडा रक्तात दिसण्याइतका वाढायला दहा-बारा तास लागतात आणि शिखर 36 ते 48 तासांनी येतं. आजार सुरू झाल्यावर दोन तासांनी काढलेला सीआरपी नॉर्मल असणारच. 24 तासांच्या अंतराने काढलेले दोन सीआरपी लिटरला 10 मिलिग्रॅमच्या खाली असले तर मात्र संसर्गाची शक्यता बरीच मावळते. जास्त आला म्हणजे जंतूच, असंही नाही. अवघड बाळंतपण झालं किंवा बाळाने पोटातच शी करून ती फुप्फुसात ओढली, तरी तो चढतो. प्रोकॅल्सिटोनिन ही संसर्गाची दुसरी खूण लवकर वाढते, पण पहिल्या दोन दिवसांत ती निरोगी बाळातही आपोआप वर जाते.

खरा निकाल ब्लड कल्चरचा, म्हणजे रक्त बाटलीत ठेवून जंतू उगवतात का ते पाहण्याचा, आणि तो बिघडतो रक्त कमी घेतल्याने. बाळाच्या रक्तात कित्येकदा मिलिलिटरमागे मोजके चारदोनच जंतू असतात. अर्धा मिलिलिटर घेतलं तर बाटलीत एकही जंतू न येण्याची शक्यता राहते, आणि रिपोर्ट 'जंतू नाहीत' असा येतो. किमान एक मिलिलिटर, अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसआधी, नव्या टोचणीतून. जुन्या कॅन्युलातून घेतलं तर नळीवरचेच जंतू उगवतात. त्वचेवर लावलेलं जंतुनाशक पूर्ण वाळू द्यायचं, फुंकर मारायची नाही.

खरोखर जंतू असले तर आधुनिक यंत्रात बहुतेक बाटल्या 36 तासांच्या आत संकेत देतात. म्हणून 36 ते 48 तासांनी बाटली स्वच्छ, बाळ ठणठणीत आणि दोन्ही सीआरपी कमी असतील तर औषध थांबवतात. 'असू दे आणखी पाच दिवस' हा सावधपणा वाटतो, पण अगदी अपुऱ्या दिवसांच्या बाळांत कल्चर स्वच्छ असूनही लांबवलेल्या अँटिबायोटिकचा संबंध आतडं सडण्याच्या आजाराशी आणि मृत्यूशी दिसून आला आहे. पाठीच्या मणक्यातलं पाणी तपासायचं म्हटलं की घरचे घाबरतात. पण रक्त स्वच्छ आणि मेंदूच्या आवरणात जंतू, असंही होतं, आणि त्यावर औषधाचे दिवस ठरतात.

प्रश्न : दोन-दोन अँटिबायोटिक का? एकच 'तगडं' देता येत नाही?

अँपिसिलिन आणि जेंटामायसिन ही जोडी जुनी आहे, पण विचारपूर्वक जुळवलेली. अँपिसिलिन जंतूची भिंत कमकुवत करतं. ग्रुप बी स्ट्रेप्टोकॉकस आणि लिस्टेरिया त्याच्या पट्ट्यात येतात. भिंत खिळखिळी झाली की जेंटामायसिनला आत शिरणं सोपं जातं, आणि ई. कोलायसारख्यांचा समाचार ते घेतं. बाळाचे स्वतःचे न्यूट्रोफिल आटलेले असताना जंतूंची वाढ नुसती थोपवणारं औषध पुरत नाही, थेट मारणारंच लागतं.

जागतिक आरोग्य संघटनेचं प्रमाण पूर्ण वजनाच्या बाळासाठी पहिल्या आठवड्यात असं आहे : अँपिसिलिन किलोला 50 मिलिग्रॅम दर 12 तासांनी, जेंटामायसिन किलोला 5 मिलिग्रॅम दिवसातून एकदा. तीन किलोच्या बाळाला प्रत्येक वेळी 150 मिलिग्रॅम आणि 15 मिलिग्रॅम. आठवड्यानंतर मूत्रपिंड जास्त काम करू लागतं, म्हणून अँपिसिलिन दर आठ तासांनी होतं. जेंटामायसिनचं अंतर चुकलं तर कान आणि मूत्रपिंडाला इजा होते.

'तगड्या' सेफ्ट्रायॅक्सोनचा नवजात बाळात घोळ आहे. ते काविळीच्या बिलिरुबिनला प्रथिनांवरून हटवतं, सुटं बिलिरुबिन मेंदूत शिरू शकतं. आणि शिरेतून कॅल्शियम चालू असेल तर दोन्हींचा साका बनतो. मेंदूच्या आवरणापर्यंत जायचं असेल तर सेफोटॅक्सिम बरं, कारण जेंटामायसिन तिथे नीट पोचत नाही. रक्तातल्या संसर्गाला साधारण 7 ते 10 दिवस, ग्रुप बी स्ट्रेप्टोकॉकसच्या मेनिंजायटिसला, म्हणजे मेंदूच्या आवरणाच्या संसर्गाला, किमान 14, ई. कोलायसारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंच्या मेनिंजायटिसला किमान 21. ज्या वॉर्डात क्लेबसिएला या जोडीला दाद देत नाही, तिथे सुरुवातच वेगळ्या औषधांनी करावी लागते. ते त्या वॉर्डाच्या मागच्या कल्चरांवरून ठरतं.

प्रश्न : साठा कमी असतो तर तो बाहेरून भरता येत नाही का? प्रतिकारशक्ती वाढवणारे थेंब बाजारात मिळतात.

विचार सरळ आहे, आणि तो नीट आजमावूनही झाला. आयजीजी कमी आहे ना, मग शिरेतून देऊ : 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'आयएनआयएस' चाचणीत 3,493 बाळांवर हे पाहिलं. मृत्यू किंवा मोठं अपंगत्व यात फरक शून्य. न्यूट्रोफिल वाढवणारं जीएम-सीएसएफ अपुऱ्या दिवसांच्या बाळांना दिलं : आकडा वाढला, संसर्ग कमी झाला नाही. दुधातलं लॅक्टोफेरिन वेगळं काढून पाजलं : 2019 च्या 'एल्फिन' चाचणीत 2,203 बाळांत उपयोग दिसला नाही. एकेक भाग बाहेरून ओतून यंत्रणा उभी राहत नाही, हे यातून दिसतं. थेंबांच्या बाटल्यांवर पैसे घालवू नका. मध तर वर्षाच्या आत नकोच, त्यातून बोट्युलिझम होऊ शकतो.

उपयोगी ठरलेल्या गोष्टी साध्या आहेत. बाळाला ताबडतोब छातीशी बांधून ठेवण्याच्या 2021 च्या चाचणीत एक ते 1.8 किलो वजनाच्या बाळांतलं मृत्यूचं प्रमाण 15.7 वरून 12.0 टक्क्यांवर आलं, संशयित सेप्सिसही घटला. बाळाला धरण्याआधी प्रत्येकाने, आजी-आजोबांनीही, कोपरापर्यंत साबणाने हात धुणं. अंगावरचा पांढरा लेप न खरवडणं आणि पहिली अंघोळ 24 तास पुढे ढकलणं; त्या लेपात जंतूंना मारणारी प्रथिनं असतात. नाळ उघडी, कोरडी ठेवणं. बेंबीभोवतीची लाली त्वचेवर पसरू लागली किंवा पू दिसला की दाखवणं.

प्रश्न : चीक दुधातली प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात जातात का?

जवळजवळ नाही. वासराला चिकातूनच रक्तात प्रतिपिंडे मिळतात, म्हणून ही समजूत पसरली असावी. माणसाच्या बाळाला रक्तातला वाटा वारेतून आधीच मिळालेला असतो. चिकातलं आयजीए या प्रकारचं प्रतिपिंड आतड्याच्या अस्तरावर लेपासारखं बसतं आणि जंतूंना भिंत ओलांडू देत नाही. ते पचत नाही, आणि त्याचं काम जागेवरच होतं. पहिल्या तासात पाजण्याचा आग्रह म्हणूनच.

प्रश्न : सेप्सिसमधून बरं झालेल्या, अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या लसी पुढे ढकलायच्या का?

नाही. प्रकृती स्थिर असेल तर लसी जन्मतारखेपासून मोजूनच द्यायच्या, 'भरायला हवे होते ते दिवस' वजा करून नव्हे. न्यूमोकॉकससारख्या, साखरेच्या आवरणातल्या जंतूंविरुद्धची साधी लस दोन वर्षांखाली नीट रुजत नाही, कारण निव्वळ साखरेला ओळखून प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी पेशी तोवर कच्च्या असतात. म्हणून बाळांच्या लसीत ती साखर एखाद्या प्रथिनाला जोडलेली असते; पाकिटावर 'कॉन्जुगेट' असं लिहिलेलं असतं ते त्यासाठी.